फोटोग्राफर ठरवायचाय, जरा मदत करा

बी ३०४ काकू: नमस्कार मंडळी. लेकीचं लग्न ठरलंय हे बहुतेकांना माहीत आहेच. हॉल झाला, बाकीचंही मार्गी लागतंय, फक्त फोटोग्राफरवर गाडी अडली आहे. लेकीने इन्स्टावर एक शोधलाय, त्याचे फोटो बघून डोळे दिपतात. ह्यांचं म्हणणं, नात्यातल्या एका मुलाकडे भारीतला कॅमेरा आहे, तो प्रेमाने काढून देईल. मला यातलं काही कळत नाही. काय बघून ठरवायचं, कोणी सांगेल का?

ए ६०१ वहिनी: मनापासून अभिनंदन काकू 🌸 नात्यातल्या मुलाला पाहुणा म्हणूनच येऊ द्या. आमच्याकडे भाच्याने काढले होते. बिचारा दिवसभर पायावर उभा, आणि घरच्यांच्या एकाही फोटोत तो स्वतः नाही. वर फोटो कधी देणार हे विचारायचीही चोरी. सहा महिने गेले शेवटी.

सी १०२ ताई: काकू, मी पूर्वी चार वर्षं एका स्टुडिओत लग्नांच्या फोटोंचं एडिटिंग करत होते. सांगते, पण जरा लांबेल.

इन्स्टावर दिसतात ते पन्नास लग्नांतले पन्नास फोटो. प्रत्येक लग्नातला एकेक, सगळ्यात सुंदर. काही तर लग्नातलेही नसतात, मॉडेलला उभं करून, उतरत्या उन्हात, दोन-तीन तास निवांत काढलेले असतात. त्यावरून एवढंच कळतं की त्याला वेळ मिळाला तर चांगला फोटो काढता येतो. लग्नात वेळच तर मिळत नाही. कोणी त्याच्यासाठी थांबत नाही, प्रकाश त्याच्या हातात नसतो, समोर नेमकं कोणीतरी मोबाइल वर करून उभं असतं. अशा वेळी तो काय काढतो ते बघायचं.

म्हणून सगळ्यात आधी एकच मागा. एका लग्नाचे सगळे फोटो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्या घरी जसे दिले तसे. आणि शक्यतो तुमच्यासारख्याच लग्नाचे. तुमचं हॉलमध्ये असेल तर हॉलमधलं, रात्रीचं असेल तर रात्रीचं.

बी ३०४ लेक: ताई, मीच ती लेक 😊 पण दुसऱ्यांच्या लग्नाचे सगळे फोटो कोणी असे दाखवतं का? ते खासगी असतात ना?

सी १०२ ताई: अगदी रास्त प्रश्न. लिंक पाठव म्हणू नकोस. त्याच्या ऑफिसात बसून, त्याच्याच लॅपटॉपवर बघू म्हण. चांगल्या लोकांकडे दोन-तीन जोडप्यांची परवानगी घेतलेली असते. एकही संपूर्ण लग्न दाखवायला तयार नसेल, फक्त निवडक अल्बमच पुढे करत असेल, तर मी असते तर पुढे गेले नसते.

डी ४०५ काका: कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हवा? आमचा एक नातेवाईक म्हणतो ४५ च्या खाली घेऊच नका.

सी १०२ ताई: काका, २४ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० गुणिले ४००० ठिपके. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० इंच रुंद आणि १३ इंच उंच फोटो स्वच्छ निघतो. अल्बमचं पान त्यात आरामात बसतं. त्यामुळे मेगापिक्सेलचं फार मनावर घेऊ नका.

लेन्स मात्र विचारा. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). कामाची झूम लेन्स एफ २.८ पर्यंत उघडते, म्हणजे चौपट प्रकाश आत घेते. प्रकाश कमी पडला की शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तेवढ्यात माणूस हलतो. अंधाऱ्या हॉलमधले चेहरे पुसटलेले दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच.

दुसरं म्हणजे कॅमेऱ्यात दोन कार्ड बसतात का, आणि दोन्हींवर एकाच वेळी फोटो उतरवता का. हे अगदी याच शब्दांत विचारा. आमच्याकडे एकदा असं कार्ड आलं होतं, जे कुठल्याच मशीनवर उघडेना. कॅमेरा एका कार्डाचा. आम्ही रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून तिसऱ्या दिवशी निम्मेअर्धे फोटो काढले. त्या मुलीच्या आईला फोन करायचं काम माझ्याकडे आलं होतं. तो फोन मी विसरू शकत नाही.

ए २०३ दादा: चुकून कार्ड फॉरमॅट झालं तर त्यावर पुढे काहीही शूट करायचं नाही, ते बाजूला काढून ठेवायचं. जुना डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो, वर नवीन लिहिलं की जातो. पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांनाही हेच लागू आहे.

बी ७०२ दादा: फोटोग्राफरच कशाला पण? व्हिडिओ फोर-केमध्ये घ्यायचा आणि त्यातून हव्या त्या फ्रेम काढायच्या. एकाच टीममध्ये काम होईल.

सी १०२ ताई: दादा, फोर-केची एक फ्रेम म्हणजे सुमारे ८ मेगापिक्सेल, छोट्या प्रिंटला चालेलही. अडचण वेगळी आहे. व्हिडिओ नितळ दिसावा म्हणून शटर मुद्दाम हळू ठेवतात, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५० सेकंद. त्यामुळे हलणारा हात, वळणारी मान प्रत्येक फ्रेममध्ये थोडी फरफटलेली असते. पडद्यावर ते कळत नाही, कागदावर लगेच कळतं.

बी ३०४ काकू: ताई, ते एका लग्नाचे सगळे फोटो बघायचे म्हणालात, पण मी बघून मला काय कळणार? मला तर सगळेच छान वाटतील.

सी १०२ ताई: काकू, तुम्हालाच जास्त कळेल. कॅमेऱ्याचं विसरून जा. बघताना स्वतःला विचारा, या घरात कोण कोण होतं हे मला कळलं का? नवरीची आई कोण, तिची जिवाभावाची मैत्रीण कोण, दिवसभर धावपळ करणारा मामा कोण. न ओळखणाऱ्या माणसांच्या लग्नातली नाती फोटोंतून ओळखू आली, तर तो फोटोग्राफर माणसं बघतो असं समजा. पाचशे फोटोंतले साडेतीनशे नवरा-नवरीच्या पोजचे असतील, तर तुमच्याकडेही तेच होणार.

मग थेट शेवटच्या तासाचे फोटो उघडा. सकाळचे सगळ्यांचेच बरे येतात. रात्री पाय दुखत असताना, बॅटऱ्या संपत आलेल्या असताना काय काढलंय ते खरं.

आणि स्टेजचे. हल्ली निळे-जांभळे एलईडी लावतात. तो रंग चेहऱ्यावर गडद पडला की त्वचेच्या खऱ्या रंगाची माहिती फोटोत जवळपास उरतच नाही, मग एडिटिंगला काही हाती लागत नाही. शेवटी आम्ही ते फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचो. त्यामुळे सगळे फोटो रंगीत आणि स्टेजवरचे तेवढेच काळे-पांढरे दिसले, तर का ते विचारा. डेकोरेशनवाल्यालाही सांगून ठेवा, मुख्य विधीच्या वेळी चेहऱ्यावर साधा पांढरा प्रकाश हवा. एवढं एक वाक्य सांगितलं तर फोटोग्राफरचं निम्मं काम सोपं होतं. मी तर म्हणेन, ते आजच सांगून टाका.

बी ३०४ लेक: हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आम्ही नेमके जांभळेच ठरवलेत 😟

सी १०२ ताई: नाचगाण्याला ठेव की! फक्त विधीच्या वेळी बंद.

ए ६०१ वहिनी: कँडिड घ्यायचा की ट्रॅडिशनल, हेही काकूंना सांगा.

सी १०२ ताई: घरात ज्येष्ठ मंडळी बरीच असतील तर दोन्ही लागतात. कँडिडवाला हसणं-रडणं टिपतो, पण नीट उभं राहून काढलेला आत्याबाईंचा फोटो त्याच्याकडे असेलच असं नाही. एकाच माणसावर दोन्ही टाकू नका. तो स्टेजवर ग्रुप फोटो काढत असताना दाराशी मैत्रिणी गळ्यात पडून रडतात, तो फोटो जातोच. किमान दोन माणसं हवीत.

ए १०४ काका: मी आयुष्यभर कंत्राटं हाताळली, त्या हिशेबाने लिहितो. सगळं कागदावर घ्या, मेसेजवर नको. प्रत्यक्ष कोण येणार त्याचं नाव. तो आजारी पडला तर कोण येणार. किती तास. एडिट केलेले किती फोटो, कोणत्या तारखेपर्यंत. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून जशी निघते तशी, एडिट न केलेली फाइल, देणार की नाही. आपल्या मूळ फाइल ते किती महिने सांभाळणार. आपले फोटो त्यांच्या पेजवर टाकायचे असतील तर आधी विचारणार का. तारीख रद्द झाली तर ॲडव्हान्सचं काय. एक पान पुरतं. आणि फोटो आले की त्याच आठवड्यात दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवा, त्यातला एक दुसऱ्या घरी ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो म्हणजे बॅकअप नव्हे, ते बारीक होऊन येतात.

डी ४०५ काका: कोण येणार त्याचं नाव, हा मुद्दा मी जरा लिहितो. एरवी लिहिलं नसतं.

माझ्या थोरल्याच्या लग्नात आम्ही एका नावाजलेल्या माणसाला बोलावलं होतं. बोलणी त्याच्याशी, काम त्याचं बघितलेलं. त्या दिवशी दुसराच मुलगा आला. साहेब दुसऱ्या लग्नाला आहेत म्हणाला. आयत्या वेळी काय करणार? मुलगा वाईट नव्हता, पण त्याला आमच्यातलं कोणी ठाऊक नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. दोन महिन्यांनी फोटो आले. सहाशेच्या वर होते. माझी आई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती, दिवसभर, नवीन कपडे घालून. सहाशे फोटोंत तिचा एकही नाही. एका फोटोत कडेला तिचा हात आहे. बांगडीवरून ओळखला.

पुढच्या वर्षी ती गेली. तेव्हा लावायला फोटो शोधत होतो आणि पासबुकावरचा लावला.

चूक त्या मुलाची होती तेवढीच माझी. मी त्याला एका वाक्याने सांगायला हवं होतं, ही माझी आई.

ए ६०१ वहिनी: काका 🙏

बी ७०२ दादा: 🙏

सी १०२ ताई: काका, हे लिहिलंत ते बरं केलंत.

काकू, म्हणूनच नावांची यादी द्यायची असते. ग्रुप फोटोंची वेगळी, ती छोटी ठेवा. एकेका ग्रुपला माणसं गोळा होईपर्यंत तीन-चार मिनिटं जातात, वीस ग्रुप म्हणजे तासाभराच्या वर. आणि दुसरी यादी माणसांची, ज्यांचा दिवसात कधीतरी, कुठेही, एक तरी चांगला फोटो हवाच. ती दहा-बारा नावांची. शिवाय दोन्ही घरांतला एकेक जण फोटोग्राफरसोबत राहू दे, हे कोण, ते कोण, सांगायला. शक्यतो सगळ्यांना ओळखणारा आणि त्या दिवशी फारसं काम नसलेला.

बी ७०२ दादा: काकू, तुमच्या बाजूने मी राहतो. तुमच्याकडच्या सगळ्यांना ओळखतो मी.

(चार दिवसांनी)

बी ३०४ काकू: मंडळी, तिघांना भेटून आलो. इन्स्टावाल्याने छान बोलून अल्बमच दाखवले, पूर्ण लग्न नंतर दाखवतो म्हणाला. दुसऱ्याने दाखवलं, फोटो स्वच्छ होते, पण तारखेला स्वतः येईन असं लिहून देईना. तिसरी एक मुलगी आहे, तिच्यासोबत एक जोडीदार असतो. पेजवर फार काही नाही तिच्या. तिने हॉलमधलं एक लग्न पूर्ण उघडून दिलं आणि गप्प बसली. अर्ध्या तासाने लेक म्हणाली, आई, या नवरीच्या बाबांना गुडघ्याचा त्रास असावा, बघ प्रत्येक फोटोत कोणीतरी त्यांना हात देतंय. मग आम्ही आणखी काही विचारलंच नाही. म्हणजे कार्डांचं विचारलं, दोन आहेत, दोन्हींवर उतरतं. कागद काकांनी सांगितला तसा केला.

बी ३०४ लेक: जांभळे दिवे विधीनंतर लागणार, डेकोरेशनवाल्याशी बोलले 😊

सी १०२ ताई: वा! फार छान झालं. यादी दिलीत का तिला?

बी ३०४ काकू: आज लिहायला बसले. पहिलं नाव माझ्या आईचं. ती व्हीलचेअरवर असते, तेही लिहिलं. फोटोग्राफर मुलीने लगेच विचारलं, खुर्ची कुठल्या बाजूला ठेवणार, तिकडे उजेड आहे का. उद्या हॉलवर जाऊन बघून येते. डी ४०५ काका, वेळ असेल तर याल का माझ्यासोबत?

डी ४०५ काका: येतो. किती वाजता?