थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पेडल सुरुवातीलाच अडकतं – स्टॉप स्क्रू किती फिरवावा?

गाडी १९९० सालची, दोन आसनी, १.६ लिटर पेट्रोल इंजेक्शन. थ्रॉटल केबलचा आहे, इलेक्ट्रॉनिक नाही.

इंजिन थंड असताना पेडल मोकळं चालतं. गरम झाल्यावर मात्र पाय पूर्ण काढून पुन्हा दाबला की पेडल आधी घट्ट लागतं, जोर दिला की एकदम सुटतं आणि गाडी झटका घेते. पाय काढल्यावर परत येताना कुठेही अडकत नाही, स्प्रिंग ठीक आहे. तरी हे दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढत नाहीये.

पायपुसणं, पेडलची पिन आणि बुश तपासले. थ्रॉटल बॉडीकडून (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) केबल सोडवली तर पेडल व केबल लोण्यासारखी चालतात. केबलला २ मिमी ढील आहे. म्हणजे अडतंय ते बटरफ्लायच (बॉडीतली हवा अडवणारी गोल पाती). बॉडी काढून बोअर (पाती जिच्यात फिरते ती हवेची नळी) आणि पातीची कड क्लीनरने साफ केली, काजळी बरीच निघाली. दोन आठवडे बरं चाललं, मग पुन्हा तेच.

आता लक्षात आलं की पातीच्या स्टॉप स्क्रूवरचा (बंद होताना पाती कुठे थांबावी ते ठरवणारा स्क्रू) रंगाचा सील तुटलेला आहे. स्क्रू मागे गेल्याने पाती बोअरमध्ये रुतत असावी, असा माझा अंदाज. पाती ज्यावर बसते त्या शाफ्टला हाताने किंचित आडवा खेळही जाणवतो. नवीन बॉडी मिळत नाही, शाफ्ट बदलणं शक्यतो टाळायचंय. आयडलचा (पाय काढल्यावर इंजिन मंद चालतं तो वेग) बायपास स्क्रू वेगळा आहे, त्याला हात लावलेला नाही.

पाती पूर्ण बंद करून स्क्रू लिव्हरला जेमतेम टेकल्यावर पुढे किती फेरा द्यावा? त्यानंतर थ्रॉटल सेन्सरचा आयडल संपर्क (पाती बंद असल्याचं कळवणारा स्विच) पुन्हा जुळवावा लागेल का? आणि दोष स्क्रूचा नसून शाफ्टच्या झिजेचा आहे, हे बॉडी बाहेर असताना नक्की कसं ओळखायचं?