मदत हवी आहे: रोगचा (Rogue) स्नीक अटॅक कधी लागू होतो?

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, २०१४च्या नियमांनी खेळतोय. माझं पात्र, म्हणजे रोग, ५व्या लेव्हलचा आहे, म्हणजे स्नीक अटॅकचे (संधी साधून केलेल्या हल्ल्याच्या जादा नुकसानाचे) ३ डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, मिळतात. आमचं अडलंय ते इथे.

शत्रू जमिनीवर आडवा पडलेला. मी ३० फुटांवरून, लपून, शॉर्टबोने बाण मारतोय. लपल्यामुळे ॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा), लक्ष्य आडवं आणि मी लांब म्हणून डिसॲडव्हान्टेज (दोनातला लहान आकडा). शिवाय आमचा फायटर त्या शत्रूला खेटून उभा आहे, शुद्धीत, तलवार हातात. जवळ जाऊन मारता येत नाही, मधला पूल तुटलाय.

डीएमचं (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरचं) म्हणणं: डिसॲडव्हान्टेज आहे ना, मग स्नीक अटॅक नाही. मी प्लेयर्स हँडबुकमधलं ७वं प्रकरण पुन्हा वाचलं. तिथे स्पष्ट आहे की दोन्ही एकाच वेळी असतील तर दोन्हीपैकी काहीच नाही असं धरायचं, एका बाजूची कारणं कितीही असोत. तसं असेल तर माझ्याकडे डिसॲडव्हान्टेजही उरत नाही, आणि ॲडव्हान्टेज नसतानाही स्नीक अटॅक देणारी, साथीदार लक्ष्याच्या ५ फुटांच्या आत असल्याची अट फायटरमुळे पूर्ण होते. मला हे वाचन पटतं, पण डीएम ‘मुळात कारण तर आहेच’ यावर ठाम आहे.

हाउस रूल (आपापसात ठरवलेला नियम) सुचवू नका, तो पुस्तकातलं वाक्य दाखवलं तरच मानेल. स्नीक अटॅकच्या वर्णनातली ‘डिसॲडव्हान्टेज नसावा’ ही अट दोन्हींनी एकमेकांना रद्द केल्यानंतर तपासायची की आधी?