अमेरिकेतल्या जुन्या सिमेट्र्या बघायच्या आहेत, फोटो काढलेले चालतात का?

एडिसनचा_पोपट
नमस्कार मंडळी, विषय जरा विचित्र आहे, हसू नका. गेल्या महिन्यात कामासाठी मॅनहॅटनला गेलो होतो, वॉल स्ट्रीटच्या तोंडाशीच ट्रिनिटी चर्च आहे, त्याच्या आवारात बाकावर डबा खात बसलो. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन, त्याच्या थडग्यापाशी ही गर्दी, आणि इकडे एका कोपऱ्यात तांबूस दगडाची छोटीशी पाटी, ५ वर्षांच्या पोराची, साल १६८१. म्हणजे आपल्याकडे संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला ते साल! मागच्या बाजूला पंख असलेलं वाळूचं घड्याळ कोरलंय. पोळी हातातच राहिली.

तेव्हापासून खूळ लागलंय. प्रश्न असे की फोटो काढायला परवानगी लागते का, कोरलेली अक्षरं डोळ्यांना दिसतात पण फोटोत सगळं सपाट येतं त्याला काय करायचं, आणि न्यूजर्सीहून एका दिवसात जाऊन येता येईल असं काय आहे. आई सध्या इकडेच आहे, ती म्हणते सुट्टीच्या दिवशी कोणी मसणात फिरायला जातं का, त्यामुळे तिला पटेल असं एखादं ठिकाण सुचवलंत तर उपकार होतील.

खडूस_लेन्स
अक्षरांचं आधी सांगतो. समोरून पडलेलं ऊन कोरीव कामाची वाट लावतं, फ्लॅश तर त्याहून. ऊन दगडाच्या अंगाला घासून गेलं पाहिजे, एका कडेकडून, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली बसते आणि जे वाचताच येत नव्हतं ते उठून दिसतं. पूर्व किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या दगडांना हे दुपारी बाराच्या आसपास आपोआप मिळतं, फोटोग्राफीच्या क्लासमध्ये भर दुपारी कॅमेरा काढू नका सांगतात ते इथे विसरा. उत्तरेला तोंड असलेल्यावर ऊन जवळपास पडतच नाही, तिथे दुसऱ्या माणसाला आरसा धरायला लावायचा, साधा दोन फुटी, कडेला उभं राहून उन्हाचा कवडसा दगडावर तिरका टाकायचा. मी बायकोला धरायला लावतो, ती पाच मिनिटांनी कंटाळते.

दगडाचं पण बघा. बॉस्टनला ग्रॅनरी म्हणून १६६० चं दफनस्थान आहे, पॉल रिव्हिअर, सॅम्युअल ॲडम्स वगैरे अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातली मंडळी तिथे आहेत. तिथले बहुतेक दगड स्लेटचे, म्हणजे आपण शाळेत ज्यावर पेन्सिल घासायचो तीच पाटी हो! तीनशे वर्षांनी पण अक्षर काल कोरल्यासारखं. आणि त्याच्या नंतरचा, महागाचा संगमरवर मात्र पावसाने साखरेसारखा विरघळलाय. सुरुवातीच्या दगडांवर पंख असलेली कवटी, पुढे तिचा गोबऱ्या गालांचा देवदूत होतो, मग अठराशेच्या आसपास कलश आणि विलोचं झाड. चित्र बघून साल ओळखायचा नाद लागतो. फक्त तिथले दगड नंतर सरळ रांगेत लावून घेतलेत, त्यामुळे दगडाखाली तोच माणूस असेल असं नाही.

आणि कृपा करून खडू, पीठ, शेव्हिंग फोम असलं काही दगडाला फासू नका. यूट्यूबवर लोक करतात. दगड खराब होतो.

सदाशिव_पेठी
राग मानू नका पण मला हे काही झेपत नाही. उद्या तुमच्या आजोबांच्या चितेपाशी कोणी अमेरिकन येऊन आरसा धरून कवडसे पाडायला लागला तर चालेल का? फोटो काढायला नायगारा नाही का?

कुंभारवाडा
@सदाशिव_पेठी, नायगाराचं नाव घेतलंत ते बरं झालं. ब्रुकलिनची ग्रीन-वूड सिमेट्री, १८३८ ची, ४७८ एकर. १८६० च्या सुमारास तिथे वर्षाला ५ लाख माणसं फिरायला यायची, नायगाराच्या खालोखाल गर्दी असं म्हणतात. त्या वेळी शहरात मोठ्या बागाच नव्हत्या, सेंट्रल पार्क लोकांना खुलं झालं १८५८ ला. गावातल्या चर्चची आवारं भरली, रोगराईची भीती, म्हणून गावाबाहेर टेकड्या, तळी, वळणाचे रस्ते असलेली दफनस्थानं मुद्दाम बागेसारखी बांधली. पहिलं बॉस्टनजवळचं माउंट ऑबर्न, १८३१. लोक बग्गीतून जायचे, डबे न्यायचे. म्हणजे पोपटरावांनी ट्रिनिटीत पोळी खाल्ली ती परंपरेला धरूनच. (ग्रीन-वूडच्या दगडी कमानीवर खरेखुरे हिरवे पोपट घरटी करून राहतात, तुम्हाला जायलाच हवं.)

परवानगीचं म्हणाल तर स्वतःसाठी हातात कॅमेरा घेऊन काढलेले फोटो बहुतेक ठिकाणी चालतात, ट्रायपॉड, ड्रोन, मॉडेल, विकायचे फोटो आले की ऑफिसात विचारायचं. अंत्यविधी चालू असेल तर कॅमेरा बॅगेत आणि आपण दुसऱ्या रस्त्याला. न्यू ऑर्लिन्सचं सेंट लुईस नंबर एक, १७८९ चं, तिथे तर २०१५ पासून गाईडशिवाय सोडतच नाहीत, कारण लोक मारी लावो या वूडूवाल्या बाईच्या थडग्यावर नवस म्हणून फुल्या मारत सुटले होते. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनवर पेनी टाकतात, त्या नाण्यांच्या माऱ्याने दगडाला खळगे पडले. ज्याने आयुष्यभर काटकसर शिकवली त्याच्यावर पैसे उधळायचे, काय बोलणार.

आणि एक. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांचेच दगड उरलेत. मॅनहॅटनमध्येच, ट्रिनिटीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, १९९१ ला सरकारी इमारतीचा पाया खणताना गुलाम आफ्रिकनांचं दफनस्थान सापडलं. ४१९ जणांचे अवशेष २००३ ला परत तिथेच पुरले. फोटो काढायला तिथे जुने दगड नाहीत, तरी जा.

हडसनकाठची
कोणीच कसं सांगितलं नाही? आईंना पकिप्सीला घेऊन जा. (स्पेलिंग बघून घाबरू नका, आम्ही पण पहिले सहा महिने पौघकीप्सी म्हणायचो.) ग्रँड सेंट्रलहून हडसन लाईनची गाडी, दोनेक तास, नदीच्या बाजूची खिडकी पकडा. तिथल्या रूरल सिमेट्रीत आपल्या आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात वारल्या, एकविसाव्या वर्षी, डॉक्टर होऊन वर्ष पण झालं नव्हतं. नवऱ्याने, गोपाळरावांनी, अस्थी कार्पेंटरबाईंकडे (अमेरिकेत त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलेल्या बाई) पाठवल्या आणि त्यांनी त्या स्वतःच्या घरच्या जागेत, त्यांच्या माणसांमध्ये ठेवल्या. दगडावर एमडी लिहिलंय, जोशीच्या शेवटी दोन ई, आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ. जागा मोठी आहे, आधी ऑफिसात जाऊन नकाशावर खूण करून घ्या नाहीतर दिवसभर फिराल. जाताजाता व्हॅसर कॉलेजवाल्या मॅथ्यू व्हॅसरचं थडगं बघा, वर दगडाचं भलंमोठं ओकचं फळ आहे.

लिंबूटिंबू
गवतात गोचीड असतात, चावले की लाइम नावाचा आजार होतो. फुल पँट, पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे तपासा. माझ्या नवऱ्याला झालाय, गंमत नाही. आणि कललेल्या दगडांना टेकून पोज देऊ नका, ते पडतात.

एडिसनचा_पोपट
जाऊन आलो! आनंदीबाईंचं नाव काढल्यावर आईने मसणाचा म पण काढला नाही, सकाळी साडेपाचला उठून डबा तयार. स्टेशनबाहेरच्या दुकानातून तिने शेवंतीची कुंडी घेतली, या दिवसांत इथे सगळीकडे असतात त्या. ऑफिसातल्या बाईंना नाव सांगितलं तर त्यांनी लगेच नकाशावर गोल केला.

तिथे पोचल्यावर आईने पर्समधून कुंकवाची पुडी काढली. मला खडूसरावांचं खडू-पीठ आठवलं, म्हटलं आई, दगडाला नको लावूस, डाग राहील. रागावली. मग शेवंतीच्या कुंडीला बोट लावलं आणि ती कुंडी खाली ठेवली, बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "कार्पेंटरबाईंचं कुठलं गं हे?" (मला गं म्हणाली, म्हणजे लक्ष नव्हतंच.) मग तिकडे पण दोन फुलं ठेवली.

आरसा घरीच विसरलो होतो. जवळच्या एका पुसट संगमरवरी दगडावर आईने डब्याचं स्टीलचं झाकण धरलं, तिरकं, आणि खरंच, नाव नाही पण साल वाचता आलं, १८५४. त्यानंतर मला पुढे चलच म्हणेना, आणखी चार दगडांवर झाकण धरून झालं. गोचीड तपासले, नाहीत. घरात शिरताना पाय मात्र धुवायला लावलेच.

@खडूस_लेन्स, स्टीलचा कवडसा मधोमध पांढराफटक येतो, कडेला काहीच नाही. झाकण लांब धरायचं की वर कागद लावायचा? पुढच्या शनिवारी फिलाडेल्फिया ठरतंय.