मॉरिशसमध्ये निवृत्ती: घर घेण्याआधी

निवृत्तीनंतर मॉरिशसला राहायला जायचा विचार करणाऱ्यांना सांगितलं जातं की तिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, म्हणून तिथे घरच्यासारखं वाटेल. सुट्टीचं अगदी खरं आहे. रत्नागिरी पट्ट्यातून एकोणिसाव्या शतकात गेलेल्यांच्या वंशजांनी सण आणि झाकरी (कोकणातल्या जाखडीसारखं लोकनृत्य) जिवापाड जपलीत. पण बाजारात, बसमध्ये बोलणं क्रिओलमध्येच, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेल्या तिथल्या बोलीत चालतं, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच. जाण्याआधी कामापुरती तरी फ्रेंच शिकाच.

निवृत्तांच्या निवास परवान्यासाठी वय 50 पूर्ण हवं आणि दरमहा ठरावीक डॉलर बाहेरून तिथल्या बँकेत यायला हवेत. ही रक्कम बदलते, त्यामुळे जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका.

माझा खरा आग्रह हा की घर लगेच घेऊ नका. परदेशी माणसाला हवं तिथे घर किंवा जमीन घेता येत नाही, साधारणपणे सरकारमान्य योजनांतलंच घ्यावं लागतं. शिवाय वारशाचा कायदा फ्रेंच वळणाचा आहे. मुलांचा वाटा राखीव असतो, सगळं घर पत्नीच्या नावे लिहून ठेवलं की झालं असं होत नाही. तिथल्या नोटरीला आधी विचारा.

आधी भाड्याने राहा, तेही नोव्हेंबर ते एप्रिल या वादळांच्या काळात. चक्रीवादळाचे इशारे 1 ते 4 श्रेणींत येतात; वरची श्रेणी लागली की दुकानं, बस सगळं बंद. पाणी, औषधं, बॅटरी आधीच भरून ठेवावी लागते. आणि क्युरपीप हे शहर उंचावर आहे, तिथे पाऊस आणि दमटपणा इतका की कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. संधिवात असेल तर किनाऱ्याकडचंच घर बघा.