मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची ग्राफ काढायची लायब्ररी) अक्ष एकमेकांवर चढतायत, काय करू?

प्रश्न: एकाखाली एक दोन ग्राफ काढलेत, वर तापमान खाली पाऊस, तर वरच्याचं एक्स-लेबल खालच्याच्या टायटलवर बसतंय आणि शिवाय मागे 0 ते 1 असे आकडे दिसतायत जे माझ्या डेटात कुठेच नाहीत. परवा गाइडना दाखवायचंय, प्लीज सांगा कोणीतरी.

उत्तर १: लेबलचं सोपं आहे. फिगर बनवतानाच लेआउटला 'कन्स्ट्रेन्ड' द्या, तो लेबलं मोजून जागा सोडतो. मुळात उभं अंतर, म्हणजे एचस्पेस, डिफॉल्ट 0.2 असतं, ते टायटल आणि लेबल दोन्ही असतील तर पुरत नाही.

उत्तर २: 0 ते 1 वाली भानगड वेगळी आहे हां, तुम्ही आधी रिकामं सबप्लॉट्स (फिगर आणि अक्ष एकदम बनवणारं फंक्शन) कॉल केलंय आणि नंतर अ‍ॅड-सबप्लॉटने (एकेक अक्ष जोडणारं) परत दोन टाकलेत ना? मग पहिला रिकामा अक्ष पूर्ण फिगरभर मागे तसाच राहतो. सबप्लॉट्सलाच 2, 1 (दोन ओळी, एक स्तंभ) द्या, तो दोन्ही अक्ष परत देतो, त्यांच्यावरच काढा.

प्रश्नकर्ता: अगदी हेच केलं होतं! दोन्ही गेलं, खूप खूप आभार. आता तापमानाच्याच ग्राफवर ट्विनएक्सने (उजवीकडे आणखी एक वाय-अक्ष जोडणारं) पाऊस आणि आर्द्रता दोन्ही घातली तर उजवीकडे दोन अक्ष एकावर एक आलेत 😞

उत्तर २: दुसऱ्या ट्विनचा उजवा स्पाइन (अक्षाची कडेची रेघ) सेट-पोझिशनने 'अ‍ॅक्सेस' (axes), 1.2 वर सरकवा. अक्षावरच्या आकड्यांना त्याच्या ग्राफच्या रेषेचाच रंग द्या, नाहीतर कुठला अक्ष कशाचा ते वाचणाऱ्याला कळत नाही. आणि कन्स्ट्रेन्ड असताना सबप्लॉट्स-अ‍ॅडजस्ट (हाताने अंतर ठरवणारं) वापरू नका, नुसती वॉर्निंग येते, काही हलत नाही.