अनुभव धागा : लघवीतला फेस आणि गाळणीतल्या पेशी

सकाळी आलेला फेस पाच मिनिटांनीही विरत नव्हता. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा) नॉर्मल, म्हणून मी वर्षभर निर्धास्त होते. मग डॉक्टरांनी मधुमेहाच्या तपासण्यांत लघवीतल्या अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन)-क्रिएटिनिनचं गुणोत्तर करायला सांगितलं. ३० च्या आत हवं, माझं आलं ४१२. पोडोसाइट, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतली पेशी, हा शब्द तेव्हा पहिल्यांदा कानावर पडला.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. तिथल्या केशवाहिन्यांना या पेशी बाहेरून विळखा घालून बसतात. शेजारशेजारच्या पेशींचे पायांसारखे फाटे बोटांत बोटं गुंफावीत तसे, आणि मधल्या फटीत नेफ्रिन या प्रथिनाची जाळी. साखर आणि दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की पायांना ताठ ठेवणारा ॲक्टिन या प्रथिनाचा सांगाडा विस्कटतो, पाय सपाट होतात, जाळी उसवते, अल्ब्युमिन निसटतं. मला सगळ्यात लागलं ते पुढचं. या पेशी सहसा पुन्हा विभागत नाहीत. एक सुटून लघवीत वाहून गेली की उरलेल्यांना पसरून तिची जागा झाकावी लागते, मग त्या ताणाने त्याही सुटतात. क्रिएटिनिन मात्र बराच काळ काही बोलत नाही.

तुमचं कसं लक्षात आलं? बायोप्सी, औषधं, मुलांचे अनुभव, सगळं लिहा.

*

ताई, माझ्या मुलाला चौथ्या वर्षी झालं. सकाळी डोळे सुजायचे, आम्ही ॲलर्जीच समजलो. निदान मिनिमल चेंज, याच पेशींचा एक आजार. यात पेशी जागेवर असतात, पाय तेवढे पसरतात, म्हणून ते परत उभे राहू शकतात. रोज लघवीत प्रथिन तपासायची पट्टी बुडवायची, प्रथिन असल्याने ती हिरवी व्हायची. स्टेरॉइडच्या बाराव्या दिवशी ती पिवळीच राहिली. मी खिडकीपाशी नेऊन तीनदा पाहिली. नंतर सर्दीचं निमित्त होऊन दोनदा उलटलं, दोन्ही वेळा सावरलं.

*

मी बायोप्सीचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. निरोगी पाय कंगव्याच्या दातांसारखे ओळीने दिसतात, आजारात सलग पट्टा. साध्या सूक्ष्मदर्शकात मिनिमल चेंज जवळजवळ निरोगीच वाटतो, नाव त्यावरूनच पडलं. मेम्ब्रेनस या दुसऱ्या आजारात गाळणीच्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला काळे गठ्ठे असतात. त्यातल्या बहुतेक प्रौढांचं शरीर पोडोसाइटवरच्याच पीएलए२आर प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, हे २००९ मध्ये कळलं. आता ती रक्तातही मोजता येतात.

*

माझी चूक लिहितो, दुसऱ्या कुणी करू नये म्हणून. दाबाची 'सार्टन' गटातली गोळी सुरू झाली आणि क्रिएटिनिन १.३ चं १.५ झालं. घाबरून मी परस्पर बंद केली. नंतर डॉक्टरांनी समजावलं : अँजिओटेन्सिन गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी आवळतं, गोळी ती सैल करते. आतला दाब उतरतो, गाळणं किंचित घटतं, म्हणून सुरुवातीची थोडी वाढ चालते. पोटॅशियमवर मात्र लक्ष हवं. त्या तीन महिन्यांत माझं गुणोत्तर ९०० च्या वर गेलं होतं. परत गोळी घेतोय, परवा ३८० आलं.