अपग्रेडला डोळे मिटून ‘एन’ दाबू नका

कातळ (रत्नागिरी): परवा इथे सल्ला वाचला: ‘डेबियन लिनक्सवर अपग्रेड करताना कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलबद्दल विचारलं की एन दाबा, आपली फाइल राहते, विषय संपला.’ नाही संपत. डीपीकेजी (डेबियनमध्ये पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) तीन एमडी५ (फाइलीच्या मजकुराचे ठसे) ताडून बघतं: जुन्या पॅकेजातल्या फाइलचा, नव्यातल्या फाइलचा आणि डिस्कवरच्या फाइलचा. फक्त पॅकेजने बदल केला असेल तर नवी फाइल न विचारता बसते. फक्त तुम्ही केला असेल तर तुमची राहते. दोघांनीही केला असेल तरच प्रश्न येतो. म्हणजे जिथे बघायलाच हवं, नेमकं तिथेच न बघण्याचा हा सल्ला! आधी डी दाबा, फरक वाचा. एन दाबलंतच, तर शेजारी .डीपीकेजी-डिस्ट नावाने पडलेली नवी फाइल त्याच दिवशी उघडून जुळवा. बाद झालेला पर्याय जुन्या फाइलीत राहिला तर सर्व्हिस उठत नाही, आणि ते कधीकधी पावसात वीज जाऊन आल्यावरच कळतं.

दर्यावर्दी (मालवण): सल्ला माझाच आहे आणि मी ठाम आहे. मशीन देवगडच्या गोदामात, चालवणारा मुंबईत, जुलैत लाइनचा भरवसा नाही. प्रश्नावर अडकून लाइन गेली की पॅकेज अर्धवट. दहा पानांचा फरक तेव्हा कोण वाचणार?

कातळ: टीमक्समध्ये चालवा, लाइन तुटली तरी काम चालू राहतं. अर्धवट राहिलंच तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवून पुरं करा. आणि (काही विचारू नये म्हणून) फ्रंटएंड नॉनइंटरअॅक्टिव्ह केल्याने हा प्रश्न टळत नाही, ते फक्त डेबकॉन्फला (पॅकेजांचे बाकीचे प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामला) गप्प करतं. डीपीकेजीला फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड (ठरलेलं उत्तर असेल तर ते घे, नाहीतर जुनी फाइल ठेव) वेगळे द्यावे लागतात.

सुपारी (अलिबाग): दोघेही मूळ मुद्दा सोडताय. पॅकेजची आणि आपली सेटिंग एका फाइलीत कोंबली की भांडण होणारच. आरपीएममध्ये (रेड हॅटकडच्या लिनक्सची पॅकेजपद्धत) नोरिप्लेस लिहिलं तर नवी फाइल .आरपीएमन्यू नावाने पडते, नाही लिहिलं तर तुमचीच फाइल .आरपीएमसेव्ह होऊन बाजूला. सिस्टमडीने (सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामने) बरोबर केलं: मूळ युनिट (सर्व्हिसची फाइल) /यूएसआर/लिबमध्ये, आपल्या चार ओळी /इटीसीतल्या (सेटिंगच्या डिरेक्टरीतल्या) ड्रॉप-इनमध्ये, म्हणजे वेगळ्या जोडफाइलीत. मूळ फाइलीला हात नाही, म्हणून प्रश्नही नाही.

दर्यावर्दी: आणि दहा तुकडे हुडकत बसायचं? एसएसएचच्या (दुरून लॉगिनच्या) ९९ नंबरच्या फाइलीत पासवर्ड लॉगिन बंद करा, क्लाउड-इनिटच्या (क्लाउडवरचं मशीन सुरुवातीला उभं करणाऱ्या प्रोग्रामच्या) ५० नंबरच्या फाइलीत ते चालू असेल तर दार सताड उघडंच राहतं. हे तुमचं ‘बरोबर’?

सुपारी: कारण एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर) पहिली किंमत धरतं. सिससीटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) शेवटची टिकते. मॅन्युअल न वाचता ९९ लिहिणाऱ्यांचा राग ड्रॉप-इनवर काढू नका. नाव ०१ ठेवा.

दर्यावर्दी: राग काढणारच! एकाच मशीनवर एकाचा पहिला नंबर, दुसऱ्याचा शेवटचा. क्रॉन.डीमध्ये (वेळेवर चालणाऱ्या कामांच्या डिरेक्टरीत) नावात टिंब आलं तर डेबियनचं क्रॉन फाइल वाचतच नाही. सुडोअर्स.डीतही (अॅडमिनच्या हक्कांच्या डिरेक्टरीतही) तेच. चूक दाखवणारा एक शब्द स्क्रीनवर येत नाही. माणसाने किती नियम पाठ करायचे?

कातळ: हे गाऱ्हाणं खरं आहे. म्हणून पाठ करू नका, विचारा. ‘एसएसएचडी -टी’, मोठा टी, लागू झालेली प्रत्येक किंमत छापतो. छोटा टी फक्त फाइल वैध आहे का ते सांगतो. युनिटसाठी ‘सिस्टमसीटीएल कॅट’. चालू सेशन बंद करण्याआधी दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा.

सुपारी: आणि ड्रॉप-इनमध्ये एक्झेकस्टार्ट (सर्व्हिस सुरू करणारी कमांड) बदलताना आधी रिकामी ‘एक्झेकस्टार्ट=’ ओळ लिहा. नाहीतर दोन होतात आणि साधी सर्व्हिस नकार देते.

दर्यावर्दी: पटलां, पण अर्धांच. मोठा टी मान्य. ज्या प्रोग्रामला .डी (अशा तुकड्यांची) डिरेक्टरीच नाही, तिथे मी एनच दाबणार.

कातळ: दाबा. पण त्याआधी इटीसीकीपर बसवा, म्हणजे /इटीसी गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) राहील. आणि नंतर /इटीसीत .डीपीकेजी-डिस्ट, .यूसीएफ-डिस्ट शोधा. सापडलेली प्रत्येक फाइल म्हणजे न वाचलेला बदल.